पाठमोरा वस्ताद

"ते सगळं खरं हो सिस्टर, पण पाठ का फिरवली, तेवढं विचारा की त्यांना."

सिस्टर जासिंतांनी इंद्रजितचा प्रश्न इटालियनमध्ये पुढे सरकवला.

समोर वेताच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याने मान वर केली नाही. त्याच्या मांडीवर परात होती, परातीत घेवड्याच्या शेंगा. अंगठ्याने शेंग उकलायची, दाणे भांड्यात, टरफल पायाशी ठेवलेल्या बादलीत. काम निवांत चाललं होतं.

"कुणी फिरवली?" त्याने विचारलं.

"तुम्ही," इंद्रजित म्हणाला.

"कशाकडे?"

"मैदानाकडे. खेळ चालू असताना. शेवटची दहा मिनिटं."

म्हाताऱ्याने एक शेंग उजेडात धरून पाहिली. किडकी निघाली, ती बाजूला ठेवली.

"मी नाही बुवा कधी फिरवली," तो म्हणाला.

...

इंद्रजितने सिस्टरकडे पाहिलं. भाषांतर करताना मध्येच काही सांडलं असेल, अशी त्याला आशा होती. सिस्टरनी मान हलवली. काही सांडलं नव्हतं.

आता हा शेंगा सोलणारा म्हातारा म्हणजे सिल्वानो ब्रेंतारी, हे कळल्यावर ज्याच्या अंगावर काटा येत नाही, त्याच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत.

ब्रेंतारी म्हणजे भाताच्या मुलखातल्या एका मजुराचा मुलगा. खेळाडू म्हणून सारा जन्म राखीव गोलकीपर. बाकावर बसून बसून विजारी झिजल्या, पण मैदानात उतरायची पाळी क्वचितच आली. पुढे कोच झाले आणि वाल्लेरोझा नावाच्या एका गावाच्या क्लबला, ज्याला शेजारच्या गावातही कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, त्यांनी देशाचा विजेता करून दाखवलं. मग मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबने बोलावून घेतलं, डोक्यावर घेतलं आणि हंगाम संपायच्या आत हातात नारळही दिला. मग देशाचा संघ. मग पुन्हा वाल्लेरोझा आणि पुन्हा करंडक. आज युरोपातले कितीतरी कोच स्वतःला त्यांचे चेले म्हणवतात आणि खरा चेला कोण यावरून एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.

पण ब्रेंतारी जगाला ठाऊक आहेत ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. मोठ्या सामन्याची शेवटची दहा मिनिटं उरली की ते मैदानाकडे पाठ करून उभे राहत. लोक बेंबीच्या देठापासून ओरडताहेत, चेंडू या टोकाहून त्या टोकाला जातोय आणि हा माणूस पाठमोरा. यावर लेख आले, पुस्तकं आली, कोचिंगच्या वर्गांत तासन्‌तास व्याख्यानं झाली. शिकवायचं ते शिकवून झालं, आता पोरांवर विश्वास टाकायचा आणि आपण बाजूला व्हायचं, असा त्याचा अर्थ सगळ्यांनी मिळून लावला. वाल्लेरोझाच्या स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा आहे, तोही स्टेडियमकडे पाठ करून.

इंद्रजित सरनोबत त्या पुतळ्याशेजारी सकाळीच फोटो काढून आला होता. तोही पाठमोराच उभा राहिला होता. मग त्यात आपला चेहरा येत नाही हे लक्षात आल्यावर दुसरा काढला.

...

इंद्रजित कोल्हापूरच्या निशाण तालमीचा कोच. कोल्हापुरात फुटबॉल पेठापेठांत वाटलेला आहे, संघही तालमींचेच असतात. तिथे माणूस आधी तालमीचा असतो, मग घरचा. इंद्रजित स्वतः बरा खेळायचा, पण कोच म्हणून जास्त शोभला. परीक्षा दिल्या, लायसन्स काढलं, पोरांना वेळेवर झोपायला लावलं. तालमीत मारुतीच्या तसबिरीशेजारी जुन्या पैलवानांचे फोटो होते, त्यांच्या रांगेत त्याने ब्रेंतारींचा फोटो लावला. लोक विचारत, हा कुठला पैलवान? इंद्रजित सांगे, "आपला वस्ताद."

तसा तो वाईट माणूस नव्हता. फक्त आपल्याला सगळं कळतं, याची त्याला जरा जास्तच खात्री होती.

यंदा निशाण तालीम फायनलला पोचली. एक-एक बरोबरी. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा इंद्रजितने दोन्ही हात मागे बांधले आणि भरल्या स्टेडियममध्ये सावकाश पाठ फिरवली. डोळेही मिटून घेतले.

तेव्हाच बचावफळीतला सर्जेराव, म्हणजे तालमीचा लाडका सर्जा, लंगडायला लागला. गुडघ्यात कळ आली होती. त्याने बाकाकडे बघून हात वर केला, मला बाहेर काढा म्हणून. एकदा केला, पुन्हा केला. कोच पाठमोरा. शेवटी समोरचा फॉरवर्ड चेंडू घेऊन आला, सर्जा त्याच पायावर गर्रकन वळला आणि खाली बसला तो उठलाच नाही. गोल झाला. सामना गेला. सर्जाला उचलून नेलं.

पुढे सर्जाचं ऑपरेशन झालं. तो पुन्हा खेळेल की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. नोकरी मिळणार होती ती खेळाच्या जिवावर, तीही लटकली.

ऑपरेशननंतर सर्जाने इंद्रजितच्या मोबाइलवर आवाजी मेसेज पाठवला. एवढासाच. "दादा, मी हात वर केलता. तुम्ही पाठ का फिरवलीसा?"

इंद्रजितने तो किती वेळा ऐकला असेल, देव जाणे. उत्तर सुचेना. आधी नीट उत्तर हाती येऊ दे, मग भेटायला जाऊ, असं त्याने ठरवलं. त्यातच कोच लोकांच्या एका शिबिरासाठी इटलीला यायचं ठरलेलं होतं. त्याला वाटलं, देवच रस्ता दाखवतोय. सुट्टीच्या दिवशी बस पकडून तो या भातखाचरांच्या कडेला, नन्सनी चालवलेल्या वृद्धाश्रमात येऊन थडकला. नशीब असं जोरावर, की आश्रमातल्या एक सिस्टर निघाल्या वसईच्या.

"मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही," सिस्टर जासिंतांनी आधीच सांगून टाकलं होतं. "पण मराठी बोलायला मिळतंय, तर बसते मी तुमच्यात."

इंद्रजित 'वस्ताद' म्हणे, सिस्टर त्याचं 'मिस्टर' करत. तिकडे खेळाडू आपल्या कोचला मिस्टरच म्हणतात. थोड्या वेळाने मध्ये सिस्टर आहेत, हे दोघंही विसरले.

...

"वस्ताद, मी पुरावा आणलाय," इंद्रजित म्हणाला आणि त्याने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गच्च बसवलेला फोटो काढला.

मिस्टरांनी हात पुसले. फोटो जवळ धरला, लांब धरला.

"हा लठ्ठ माणूस कोण?"

"तुम्हीच आहात, मिस्टर," सिस्टर म्हणाल्या.

"हं... कोट माझ्या मेहुण्याचा दिसतोय."

"बघितलंत का, पाठ मैदानाकडेच आहे," इंद्रजित म्हणाला. "आणि डोळे बघा. मिटलेले. एवढ्या गोंधळात कसे शांत."

"फोटोवाल्याने तोंडावर फ्लॅश मारला असेल. डोळे मिटणार नाहीत तर काय होणार?"

...

या मिटलेल्या डोळ्यांवर इंद्रजितने तालमीत पोरांना जमिनीवर बसवून मोठं भाषण दिलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"बरं, डोळ्यांचं राहू द्या," तो म्हणाला. "पण पाठ?"

मिस्टर पुन्हा शेंगांकडे वळले.

"ऊन असेल," ते म्हणाले. "वाल्लेरोझाच्या मैदानावर संध्याकाळचं ऊन सरळ डोळ्यांत जातं. तिथे कुणीही पाठ करील."

"ही फायनल रात्रीची होती, वस्ताद. दिव्यांत खेळली."

"असं?"

"एकवीस मे."

"मग ऊन नसणार," मिस्टरांनी मान्य केलं.

त्यांनी परात किंचित पुढे सारली. पाहुण्याने नुसतं बसू नये, असा त्याचा अर्थ असावा. इंद्रजितनेही एक शेंग घेतली. दाणे बादलीत गेले आणि टरफल भांड्यात. सिस्टरनी दोन्ही उचलून जागच्या जागी टाकलं.

"मग भीती," मिस्टर म्हणाले.

"कसली?"

"हरायची. मला बघवायचंच नाही. छाती धडधडायची, हातापायांना घाम सुटायचा. एकदा तर बाकामागे जाऊन उलटी केली मी. लोकांना वाटलं, काही खलबत चाललंय."

इंद्रजित बघतच राहिला. ही माहिती कुठल्याच पुस्तकात नव्हती आणि असती तर त्याने ते पुस्तक मिटून ठेवलं असतं.

"पण सगळे म्हणतात, तो विश्वास होता. पोरांवरचा."

"विश्वास? त्या कार्ट्यांवर?" मिस्टर पहिल्यांदाच हसले. त्यांना दात थोडेच होते. "आमचा डावीकडचा बॅक चालू खेळात स्टँडमधल्या पोरी बघायचा. त्याच्यावर विश्वास टाकून मी पाठ फिरवीन?"

"मग फिरवलीत ना?"

"हो. फिरवली खरी."

...

इंद्रजितला आता काही सुधरेना. मघाशी हा माणूस म्हणत होता, पाठ फिरवलीच नाही. मग ऊन म्हणाला. मग भीती. आता विश्वास नव्हता म्हणतो आणि फिरवली हेही कबूल करतो. वय झालं म्हणून बरळतोय म्हणावं, तर दाणे आणि टरफलं एकदाही चुकलेली नव्हती. ती इंद्रजितचीच चुकत होती.

"बाकाकडे बघायचो मी," मिस्टर अचानक म्हणाले.

"काय?"

"मैदानाकडे पाठ केली की समोर काय येतं? बाक. राखीव पोरं. मी जन्म त्या बाकावर काढला. तिथल्या माणसाला खेळायला मिळत नाही, म्हणून तो बघतो. खेळणाऱ्याला काही दिसत नाही, ओरडणाऱ्याला तर मुळीच नाही. आमच्याकडे एक राखीव गोलकीपर होता, पिएरो. बेकरीवाल्याचा मुलगा. त्याच्या तोंडाकडे बघितलं की मागे काय चाललंय, कोण दमलाय, कोण घाबरलाय, सगळं मला कळायचं. मैदानाकडे बघून एवढं कळायचं नाही."

हे मात्र उत्तर होतं. हे तालमीत सांगता आलं असतं. हे भिंतीवर रंगवता आलं असतं.

"म्हणजे तुम्ही पाठ करून जास्त बघत होता," तो म्हणाला. "वा, वस्ताद."

"तुझ्या बाकावर कोण होतं?"

"माझ्या?"

"तूही फिरवलीस ना पाठ? सिस्टर म्हणाल्या मघाशी. मग तुझ्या बाकावरच्या पोरांच्या तोंडावर काय दिसलं?"

...

"मी डोळे मिटले होते, वस्ताद."

मिस्टरांनी मान डोलावली. त्यात राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं.

"ती ओरडली नाहीत? मागे बघा म्हणून?"

"मी सांगून ठेवलं होतं. शेवटच्या दहा मिनिटांत माझ्याशी कुणी बोलायचं नाही."

"का?"

"तुमच्याशीही कुणी बोलत नसे... असं वाचलं होतं."

"माझ्याशी? अरे, माझी बायको स्टँडमधून शिव्या घालायची. पुढच्या गावाला ऐकू जायच्या."

सिस्टर जासिंता हे भाषांतर करताना थोड्या लाजल्या.

इंद्रजितने हातातली शेंग खाली ठेवली. त्याला रडू येईल की काय, असं वाटत होतं आणि परक्या देशात, एका सिस्टरसमोर रडायची त्याची तयारी नव्हती.

"वस्ताद, मी हात जोडतो," तो म्हणाला. "ऊन, भीती, बाक. यातलं खरं कुठलं, तेवढं सांगा. एकच सांगा."

"सगळी खरी."

"असं कसं होईल?"

"सामन्यांचे रविवार पुष्कळ होते."

...

लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालला होता. आवारात दोन म्हातारे बाकावर बसून एकच वर्तमानपत्र वाचत होते, अर्धं अर्धं. सिस्टरनी घड्याळ पाहिलं. परतीची बस फार लांब नव्हती.

"मी त्या पोराला काय सांगू मग?" इंद्रजितचा आवाज चढला. "तो विचारतोय मला. त्याचा पाय गेलाय वस्ताद, माझ्यामुळे. मी नुसतं काय सांगू, ब्रेंतारी फिरवायचे म्हणून मी फिरवली?"

"ऊन होतं म्हणून सांग."

"आमचं ऊन पाठीमागून येतं."

"मग घाबरलास म्हणून सांग. त्यात लाज कसली?"

"घाबरलो नव्हतो मी." इंद्रजित थांबला. बोलू की नको, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग एकदाचा बोलला. "खरं सांगू का... त्या वेळी मी कसा दिसतोय, एवढंच डोक्यात होतं. कोपऱ्यात एक पोरगा व्हिडिओ काढत होता. माझी मान सरळ आहे ना, हात तुमच्यासारखे बांधलेत ना, तेच बघत होतो मी मनातल्या मनात. सर्जाचं नाव पण डोक्यात नव्हतं."

सिस्टरनी हे अगदी हळू आवाजात सांगितलं. 'सर्जा' हे नाव त्यांच्या इटालियनमध्ये थोडं अडखळलं.

"सर-जा," मिस्टरांनी म्हणून पाहिलं. "चांगला खेळतो?"

"बचावात तसा पोरगा पेठेत नाही. हेडरला जबरा. पण तिरसट आहे. मी म्हणतो ते ऐकतो मात्र. फक्त माझंच ऐकतो."

"हं."

इंद्रजित आता सावरला होता. कबुली दिल्यावर माणसाला हलकं वाटतं आणि हलकं वाटलं की आपण सुटलो असंही वाटायला लागतं. त्याने तेवढ्यात मनाशी जुळवूनही टाकलं. बाकाचं उत्तर घ्यायचं. सर्जाला सांगायचं, बाबा रे, वस्तादांची विद्या अर्धीच समजली होती, पाठ फिरवली पण डोळे मिटले, चुकलं ते तिथं. आता पुरी समजली. पुढच्या हंगामात डोळे उघडे ठेवू. तो खिशातून पेन काढायला लागला, विसरायला नको म्हणून.

"काय लिहितोस?" मिस्टरांनी विचारलं.

"पिएरोचं. बाकाचं. सर्जाला सांगायला."

"त्याने काय विचारलंय?"

"तेच. पाठ का फिरवली."

"तू सांगतोस ते राहू दे. त्याने कसं विचारलंय?"

इंद्रजितला प्रश्न कळला नाही. पण सर्जाने आवाजी मेसेज पाठवलाय, हे इंद्रजितने आल्या आल्या सांगितलेलं सिस्टरना आठवलं, त्यांनी ते मिस्टरांना सांगितलं. मिस्टरांनी परात उचलून खाली जमिनीवर ठेवली आणि हात पुढे केला.

...

मोबाइल म्हाताऱ्याच्या तळहातावर लहान दिसत होता. इंद्रजितने वाकून बोट टेकवलं.

"दादा, मी हात वर केलता. तुम्ही पाठ का फिरवलीसा?"

सिस्टर भाषांतराला तोंड उघडणार, तोच मिस्टरांनी बोट वर करून त्यांना थांबवलं.

"नको. पुन्हा लाव."

पुन्हा लावलं.

मिस्टरांनी मोबाइल कानाशी नेला. खांदे थोडे पुढे आले, मान एका बाजूला झाली. मघापासून शेंगा सोलणारा माणूस आता कुठेच नव्हता. इंद्रजितने त्यांचे सगळे फोटो पाहिले होते, जुन्या फिल्मा पाहिल्या होत्या. पण हा चेहरा त्यातल्या एकातही नव्हता.

"पुन्हा."

...

"हा झोपून बोलतोय," मिस्टर म्हणाले.

"अं?"

"आडवा पडून. उशी उंच केली नाही कुणी. 'दादा' म्हणाला आणि श्वास घ्यायला थांबला. पाय हलवला असेल तेव्हा. दुखलं त्याला."

इंद्रजितने हा मेसेज किती वेळा ऐकला होता. त्याला त्यात फक्त प्रश्न ऐकू आला होता.

"रागावून नाही बोलत हा," मिस्टर म्हणाले. "कधीचं आहे हे?"

"ऑपरेशननंतरचं. महिना झाला असेल."

"मग तू काय म्हणालास त्याला?"

"अजून... काही नाही. आधी तुमच्याकडून नीट समजून घ्यावं म्हटलं, मगच जावं. उगाच अर्धवट काहीतरी बोलायचं..."

सिस्टरनी शेवटचं वाक्य भाषांतर केलं, पण त्यांचा आवाज आता वेगळा लागत होता. त्या इंद्रजितकडे बघत नव्हत्या.

मिस्टरांनी मोबाइल परत दिला. इंद्रजितला वाटलं, आता ते मोठं उत्तर येणार. ज्यासाठी आलो ते. त्याने पेन सरसावून धरलं.

"गुडघा ना?" मिस्टरांनी विचारलं.

"हो. गुडघा. लिगामेंट तुटलं."

"कुठला?"

इंद्रजितने तोंड उघडलं.

वाल्लेरोझाने कुठल्या साली कुणाला किती गोलांनी हरवलं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. फोटोतला कोट कुठल्या बाजूला फाटलाय, तेही ठाऊक होतं. त्याने सर्जाला आठवून पाहिलं. धावताना, हेडर मारताना, चिडून बाटली फेकताना. पडताना तो दिसेना. त्या वेळी तर पाठ होती. आणि उचलून नेताना गर्दी होती. आणि त्यानंतर...

"ते आता... मला नक्की..."

सिस्टर जासिंतांनी याचं भाषांतर केलं नाही. करायची गरजही नव्हती.

बाहेर रस्त्यावर बस आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. इंद्रजित उठला नाही. म्हाताऱ्याने खुर्ची थोडी ओढून त्याच्यासमोर सरळ केली, दोन्ही हात त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर ठेवले आणि त्याच्या तोंडाकडे बघत, घाई न करता, पुन्हा विचारलं.

"डावा की उजवा?"